खोक्यावरचं नाव

धावत्या गाडीचा सगळा भार चार टायरांवर असतो, पण टायर बदलायची वेळ आली की "कंपनीचाच टायर द्या" असं कुणी म्हणत नाही. मारुतीचा टायर, टाटाचा टायर अशी वस्तूच बाजारात मिळत नाही. लोक दुकानात जाऊन एमआरएफ, अपोलो, सीएट अशी नावं घेऊन भाव विचारतात आणि जाणता माणूस असेल तर वाकून टायरच्या कडेवरचे आकडे वाचतो. 185/65 आर 15, 88 एच. रुंदी 185 मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या 65 टक्के, रिम 15 इंची, एका टायरने पेलायचं जास्तीत जास्त वजन 560 किलो, वेगाची मर्यादा ताशी 210 किलोमीटर. शेजारी चार आकडे असतात. ते 2324 असतील, तर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर साच्यातून बाहेर पडला. आयएसआयची खूण असते ती वेगळी. कुणी बनवला, केव्हा बनवला, किती सोसेल, हे सगळं रबरावरच वाचता येत असेल तर गाडीच्या कंपनीचा शिक्का हवा कशाला? बॅटरीचंही तेच. नव्या गाडीत एक्साइड किंवा अमरॉन निघते, ती उतरली की आपण तिच्याच दुकानात जातो आणि आपण काही "डुप्लिकेट" घेतोय असं मनातही येत नाही.

तीच गाडी घेऊन तोच माणूस ब्रेक पॅड बदलायला गॅरेजमध्ये जातो, आणि मेकॅनिक विचारतो, "साहेब, ओरिजिनल टाकू की बाहेरचं?" इथे माणूस अडखळतो. पैसे वाचवायचे तर जिवाशी खेळ होईल का, आणि ओरिजिनल घ्यायचं तर नाहक लुबाडले जाऊ का, या दोन भीतींमध्ये तो सापडतो. ज्याची भीती मोठी त्याप्रमाणे उत्तर देतो. माझं म्हणणं असं की, अडचण त्याच्या उत्तरात नाही, त्या प्रश्नातच आहे. "ओरिजिनल की बाहेरचं" हा प्रश्न खोक्याबद्दलचा आहे, आतल्या वस्तूबद्दलचा नाही. टायरच्या दुकानात जे तीन प्रश्न आपण सहज विचारतो, म्हणजे बनवला कुणी, कुठल्या मानकाप्रमाणे, आणि नापास झाला तर काय होईल, तेच तीन प्रश्न प्रत्येक सुट्या भागाला विचारले की निवड बहुतेक वेळा आपोआप स्पष्ट होते.

आधी बाजारातले शब्द नीट लावून घेऊ, कारण घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मीरी गेटला पार्टचं दुकान चालवणाऱ्यांच्या तोंडी निदान चार जाती असतात. पहिली "कंपनी पार्ट", म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरी "ओईएम", म्हणजे ज्या पुरवठादाराने कारखान्यात गाडी जोडताना तो भाग दिला, त्याच्याच नावाच्या खोक्यातला. तिसरी "लोकल", म्हणजे त्या गाडीला कधीच न पुरवलेल्या, पण स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्या उत्पादकाचा. चौथी "डुप्लिकेट", म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरून छापलेला. गॅरेजमध्ये यांतल्या शेवटच्या तिन्हींना एकच नाव मिळतं, "बाहेरचं". जगभर नाव कमावलेला पुरवठादार आणि चोरट्या मालाचा धंदेवाला एकाच शब्दाखाली येतात, आणि त्यामुळे पहिल्याची किंमत पडते, दुसऱ्याची वाढते.

गाडी बनवणारी कंपनी म्हणजे मुख्यतः जोडणारी कंपनी, ही गोष्ट पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. पिंपरी, भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांभोवती पुरवठादारांची आळीच्या आळी वसली आहे. शॉक अॅबसॉर्बर गॅब्रिएलचा, बेअरिंग एसकेएफचं, फोर्जिंग भारत फोर्जचं, काच सेंट-गोबेन किंवा असाही इंडियाची, डिझेलचा पंप बॉशचा. गाडीवर नाव एकाचं असलं तरी आत अनेक घरांची माणसं नांदत असतात. 1248 सीसीचं फियाटचं मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. रांजणगावच्या कारखान्यातून ते फियाटच्या पुंटो-लिनियात गेलं, टाटाच्या इंडिका व्हिस्टात गेलं. परवान्याखाली बनून ते मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये गेलं आणि शेवरोलेच्या सेलमध्येही. चार कंपन्यांच्या गाड्यांचं मूळ इंजिन एक. बाहेरचे पाईप, जोडण्या, काही फिल्टर वेगळे असतील, पण पोटातले कितीतरी भाग जुळणारे. तरी स्विफ्टवाल्याचा "ओरिजिनल" वेगळा, व्हिस्टावाल्याचा वेगळा, आणि किमतीही वेगळ्या.

मग कंपनीच्या खोक्याचे जादा पैसे कशाचे? सगळे फुकटचे नाहीत, हे आधी मान्य केलं पाहिजे. कंपनीच्या खोक्यातला भाग आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलला, नेमक्या सालाला बसेल याची जबाबदारी कंपनीने घेतलेली असते. मॉडेलमध्ये अधूनमधून गुपचूप बदल होतात, ब्रॅकेटचं भोक दोन मिलिमीटर सरकतं, सेन्सरचा प्लग बदलतो. चॅसिस नंबरावरून अचूक पार्ट नंबर काढण्याची सोय कंपनीकडेच चांगली असते. भाग सदोष निघाला तर परत करायला पत्ता असतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा न खपणारा साठा गोदामात ठेवण्याचा खर्चही असतो. पण या सगळ्याचे रास्त पैसे धरूनही बरंच उरतं, आणि ते उरतं ग्राहकाला दुसरा दरवाजा नाही म्हणून.

हे माझं अनुमान नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे सीसीआयने, एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या चौकशीनंतर 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत देशी होत्या, परदेशी होत्या, स्वस्त गाड्यांच्या होत्या आणि महागड्याही. आयोगाचा मुद्दा साधा होता. गाडी घेताना ग्राहकापुढे दहा पर्याय असतात, पण एकदा घेतली की सुट्या भागांपुरता तो एकाच कंपनीच्या दारात बांधला जातो. कंपन्यांनी पुरवठादारांशी करार करून त्यांना तोच भाग खुल्या बाजारात विकण्यापासून रोखलं होतं. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, दोष शोधायची उपकरणं आणि दुरुस्तीची पुस्तकं मिळत नव्हती. आयोगाने दंडाबरोबर आदेशही दिले: पुरवठादारांना खुल्या बाजारात विकू द्या, भागांच्या किमती जाहीर करा, दुरुस्तीची माहिती आणि उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेलं, रकमेवरून आणि आयोगाच्या अधिकारावरून वाद झाले. पण चौकशीत जे करार आणि जी पद्धत उघड झाली, ती गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही: "एकाच कारखान्यात बनतो म्हणून तो एकच भाग असतो, हे कशावरून?" पुरवठादार आपल्या नावाने विकताना कधी एकच भाग चार मॉडेलांना चालेल असा किंचित बदलून काढतो. कंपनीसाठी वापरलेला साचा अनेकदा कंपनीच्या मालकीचा असतो, त्यातून बाहेरचा माल काढायला पुरवठादाराला मुभा नसते, म्हणून तो दुसरा साचा करतो. त्यामुळे पुरवठादाराच्या खोक्यातला भाग तंतोतंत तोच असेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मात्र ज्याने हजारो गाड्यांना तो भाग पुरवला त्याला त्याचं धातुशास्त्र, त्याची मापं, त्याचा थकवा ठाऊक असतो. शिवाय खोक्यावर त्याचं स्वतःचं नाव असतं, आणि उद्या कंपनीची पुढची ऑर्डर त्याला हवी असते. "कंपनी नापास माल बाहेर विकते" ही गॅरेजमधली लाडकी दंतकथा आहे. कुठलाही शहाणा पुरवठादार नापास मालावर आपलं नाव छापणार नाही.

ब्रेक पॅड जरा जवळून पाहू, कारण वाद इथेच सगळ्यात तापतो. हातात धरला तर तो तळहाताएवढा लोखंडी पत्रा, त्यावर दाबून आणि भाजून चिकटवलेला काळपट करड्या रंगाचा थर. त्या थरात तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइट, खनिजं आणि त्यांना बांधणारं रेझिन. पाठीला आवाज मारणारी पातळ चकती, म्हणजे शिम. एका टोकाला पत्र्याची छोटी पट्टी, पॅड झिजला की ती डिस्कला घासून किर्र आवाज करते आणि आता बदला म्हणून सांगते. स्वस्तातल्या पॅडला बऱ्याचदा ही पट्टी नसते, शिमही नसते. आता पॅड आडवा धरून त्याची धार पाहा. चांगल्या उत्पादकाच्या बऱ्याच पॅडांवर तिथे बॅच नंबर आणि सोबत दोन इंग्रजी अक्षरं छापलेली दिसतील, जसं एफएफ, किंवा जीएफ. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेला हा संकेत आहे. पहिलं अक्षर सर्वसाधारण तापमानाला घर्षण किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती उरतं ते. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे त्याच्याही वर. झीज किती होईल, आवाज येईल का, हे या अक्षरांतून कळत नाही. पण आंबोली किंवा वरंधा घाट उतरताना, भरलेल्या गाडीचे ब्रेक वळणावळणाला दाबून तापले की जे महत्त्वाचं ठरतं ते दुसरं अक्षर. पहिलं अक्षर चांगलं आणि दुसरं उतरलेलं असेल तर गावात गाडी झकास थांबेल आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर पाय खोल जाऊनही पकड यायची नाही.

म्हणजे टायरसारखंच पॅडवरही लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. युरोपात याची पुढची पायरी गाठली गेली. बदली ब्रेक पॅड विकायचा असेल तर त्याची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असली पाहिजे, असा तिथे नियम आहे, आणि त्याची ई-खूण पॅडवर दिसते. ती खूण कंपनीच्या खोक्यातल्या पॅडची मक्तेदारी नाही, पास होणाऱ्या कुणालाही ती मिळते. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी संस्था 1966 पासून उभी आहे, चाचण्यांची सोय आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांत 124 क्रमांकाचा नियम सुट्या भागांच्या सुरक्षा मानकांसाठीच आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 182-ए हे कलम आलं. सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने अतिमहत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला भाग निकषांत बसत नसताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दर भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कायदा कडक आहे. गॅरेजच्या काउंटरवर मात्र त्या कायद्याची सावलीही जाणवत नाही, कारण ग्राहक विचारत नाही आणि बिलावर उत्पादकाचं नाव लिहिलं जात नाही.

दुसरा मोठा आक्षेप नकली मालाचा. "बाजार डुप्लिकेटने भरलाय, म्हणून कंपनीचंच घ्यावं" हे ऐकायला पटतं, पण नकला कुणाच्या निघतात ते पाहिलं तर हा युक्तिवाद उलटतो. कुणीही अनोळखी उत्पादकाची नक्कल करत बसत नाही. नक्कल होते ती गाजलेल्या नावाची, आणि सगळ्यात जास्त फायदा असतो तो कंपनीच्या खोक्याची नक्कल करण्यात, कारण तिथे किंमत सर्वांत चढी. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट एअरबॅग बनवणारी एक कार्यशाळा पकडली. तिथे नऊशेहून जास्त एअरबॅग सापडल्या, आणि त्यांवर एकदोन नव्हे, अनेक नामांकित मोटार कंपन्यांची नावं होती. त्या घेणाऱ्यांतला कुणी "मला ओरिजिनलच हवी" म्हणाला असेल, तरी खोक्यावरच्या नावाने त्याला वाचवलं नसतं. बाटली ओळखीची असली तरी औषध ओळखीचं असतंच असं नाही. नकलेपासून वाचवतं ते दुकान, पक्कं बिल आणि खोक्यावरच्या कोडची पडताळणी. एअरबॅग, सीट बेल्ट आणि गाडीचा कॉम्प्युटर या वस्तूंपुरतं मी कुठलाही वाद घालणार नाही. त्या अधिकृत दारातूनच आणाव्यात, कारण त्या बिघडल्या आहेत हे ज्या क्षणी कळतं तो क्षण दुसरी संधी देत नाही. समोरच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांची काचही आता याच यादीत येते. बदललेल्या काचेनंतर तो कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो.

बाकीच्या भागांसाठी भावाचा हिशेब भागाच्या किमतीवर करायचा नसतो, तो भाग पुन्हा बदलायला किती खोल जावं लागेल त्यावर करायचा असतो. एअर फिल्टर बदलायला पाच मिनिटं लागतात. तो लोकल निघाला आणि लवकर भरला तर पुन्हा पाच मिनिटं. वायपरचं रबर, केबिन फिल्टर, हॉर्न, बल्ब, सगळं याच घरातलं, तिथे चांगल्या नावाचं बाहेरचं घेतलं तर नुकसान नाही. क्लचचं रिलीज बेअरिंग मात्र दुसऱ्या टोकाला आहे. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटच्या मानाने ते किरकोळ किमतीचं, म्हणून त्यातच वाचवायचा मोह होतो. ते वाजायला लागलं की पुन्हा सगळा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि ती मजुरी बेअरिंगच्या कितीतरी पट. टायमिंग बेल्टचंही तसंच. बेल्ट चांगला घातला आणि टेन्शनर जुनाच ठेवला, किंवा नाव नसलेला घातला, तर बऱ्याच इंजिनांत बेल्ट सुटल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि काही हजारांची बचत इंजिनच्या खर्चात बुडते. अशा ठिकाणी पुरवठादाराच्या नावाचा पूर्ण संच घ्यावा, तो मिळत नसेल तर कंपनीचा. स्वस्तातला माल सगळ्यात महाग पडतो तो इथेच.

अपघातानंतरच्या दुरुस्तीत आणखी एक हात मध्ये येतो, विम्याचा. नेहमीच्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपर बदलला तर अर्धे पैसे मालकाच्या खिशातून. धातूच्या भागांवर घसारा वयाप्रमाणे वाढतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 35 टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40. काचेला घसारा नाही. झिरो डेप्रिसिएशन घेतलेलं नसेल तर निम्मे पैसे भरणाऱ्या माणसाला, कुठला बंपर बसतोय, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. बहुतेक ठिकाणी त्याला एक आकडा सांगितला जातो आणि सही घेतली जाते.

वॉरंटीची भीती ही तिसरी. "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली" हे वाक्य सर्व्हिस सेंटरमध्ये इतक्या सहज म्हटलं जातं की तो कायदाच आहे असं वाटावं. 2014 च्या आदेशात आयोगाने नेमकं याच्यावर बोट ठेवलं होतं: केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर त्या बिघाडापुरती गोष्ट वेगळी. मालकाच्या बाजूने पाहिलं तरी वॉरंटीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नेहमीची देखभाल कंपनीकडे करणं सोयीचंच, कारण वाद झाला तर नोंदी एका जागी असतात. पण वॉरंटी संपल्यावरही वर्षानुवर्षं त्याच भीतीने त्याच दारात जाणं, हे तर्कापेक्षा सवयीचं काम आहे.

आणि कंपनीच निघून गेली तर? जनरल मोटर्सने 2017 च्या शेवटी भारतात गाड्या विकणं थांबवलं, 2020 च्या डिसेंबरात तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही बंद झालं. फोर्डने 2021 च्या सप्टेंबरात भारतातलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग आणि सेवा चालू ठेवू, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं होतं. तरीही ज्यांच्या दारात बीट, सेल, फिगो किंवा इकोस्पोर्ट उभी आहे, त्यांना "कंपनीचंच" हा पर्याय किती काळ पुरेल याची खात्री उरली नाही. त्यांच्या गाड्या पुढे चालतील त्या पुरवठादारांच्या खोक्यांवर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. गाडीचं उत्पादन थांबल्यावर दोन दशकांहून जास्त काळ त्या रस्त्यावर होत्या, शेवटची 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. कंपनीचं खोकं मिळणं कधीच संपलं होतं. त्या चालल्या छोट्या कारखानदारांच्या मालावर आणि ज्यांना कुठलं बुश कुठल्या घरचं चांगलं हे तोंडपाठ होतं अशा मेकॅनिकांवर.

तेच ज्ञान आज बिलावर यायला हवं. आता सबबही उरलेली नाही. पूर्वी बऱ्याच भागांवर 28 टक्के जीएसटी होता, म्हणून "बिल हवं की भाव कमी हवा" असा सौदा चालायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के आहे. तरी बहुतेक बिलांवर एवढंच असतं: "ब्रेक पॅड सेट, 1 नग." बनवणाऱ्याचं नाव नाही, पार्ट नंबर नाही. त्या ओळीत आणखी दोन गोष्टी मागायला एक वाक्य पुरतं. काढलेले जुने पॅड परत मागितले तर तेही मिळतात, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांची धार कपड्याने पुसली की दोन अक्षरं आणि बॅच नंबर अजून वाचता येतात, आणि नव्या खोक्यातल्या पॅडशेजारी ते ठेवून पाहायला काउंटरवर जागा असते.